वहिनीची तिरपी

तर साहेबांनी चहाचा कप उचलला. काल इथवर आलो आणि नेमकी जेवायची हाक आली, त्यामुळे बिचारे साहेब कालपासून कप हातात धरून उभे आहेत. आज त्यांना बसवून टाकू.

कप उचलला म्हणजे कसा, तर चटका बसल्यासारखा. आणि त्यांना कुणी काही बोललं नव्हतं बरं का! ऑफिसात आम्ही चारचौघं होतो, सगळे चिडीचूप. टेबलाच्या कडेला नमुन्यासाठी आणलेला कापडाचा तागा होता, पांढराफेक, नुकताच मागावरून उतरलेला. बोलण्याच्या नादात साहेबांनी कप ठेवला तो थेट त्याच्यावर. आणि समोर बसलेल्या माझ्या वहिनीने पाहिलं. एवढंच. नुसतं पाहिलं. साहेबांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, कान लाल झाले आणि कप हवेत गेला.

आता गंमत अशी, की वहिनी अशी पाहते म्हणूनच तिच्यावर ती चौकशी बसली होती. आणि चौकशीवर तिचं सगळं अवलंबून होतं. आमच्या कापडाच्या कारखान्यात मागांच्या खात्यावर तोवर बाईमाणूस कधी मुकादम झालेलं नव्हतं. वहिनीचं नाव पुढे आलं होतं, खुद्द साहेबांनीच तिला तसं सांगितलं होतं, आणि आठवडाही झाला नाही तोच तिच्या नावाने तक्रार. तक्रार खरी ठरली असती तर मुकादमी गेलीच असती, वर जन्मभराचा ठपका.

पण असं मधूनच सांगून काही कळायचं नाही. काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागून सुरू करतो. जे होते त्यांनी परत ऐकावं, गोष्ट चांगली आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा टपाल वाटायचा. मी कारखान्यात मिस्त्री, मागांचं तेलपाणी आणि दुरुस्ती बघायचो. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तोंडातून शब्द निघायचा नाही. आई म्हणायची, गरीब गाय आहे. आईला पुढे हे वाक्य गिळावं लागलं, पण ते असो.

पहिल्याच आठवड्यात मी कामावरून आलो आणि तेलाचे हात खिडकीच्या पडद्याला पुसले. मी रोजच पुसायचो. पडद्याची ती बाजू काळी होती, दुसरी निळी, आणि आमच्या घरात पडदे असेच असतात अशी आमची समजूत होती. वहिनी कोपऱ्यात कपडे घड्या करत बसली होती. तिने मान हलवली नाही. हनुवटी जरा खाली, आणि डोळे हळूच सरकत सरकत कडेला गेले. आधी पडद्यावर थांबले. मग माझ्यावर आले. एक पापणी लवेल इतका वेळ थांबले आणि परत घडीवर गेले.

मी त्या संध्याकाळी पडदा धुतला. स्वतःच्या हाताने. आईने विचारलं, "अरे, बरा आहेस ना?"

धुतलेला पडदा वाळत टाकून आत आलो तर वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. आता मात्र मान सरळ, हनुवटी वर, दोन्ही डोळे माझ्या तोंडाकडे. बारीक मान हलवली. म्हणजे काय, तर झालं, मिटलं. आणि ते खरोखरच मिटलं. तिने त्या पडद्याचा विषय आयुष्यात परत काढला नाही. मीच काढतो, अजूनही.

दादाने त्या पहिल्या नजरेला नाव दिलं. जेवताना मला म्हणाला, "काय रे, तुलाही तिरपी मिळाली का? मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मिळाली, ओल्या पायांनी गादीवर चढलो म्हणून."

झालं, घरात शब्द रुजला. तिरपी. आणि नंतरच्या त्या मान हलवून बघण्याला आम्ही सरळ म्हणायला लागलो. गावच्या शाळेत मास्तर आम्हाला पाटीवर शब्द लिहायला लावायचे, पुढे अर्थ आणि त्यापुढे वाक्यात उपयोग. अर्थ मला कधीच धड जमले नाहीत. उपयोग मात्र मी फर्डा करायचो. तेव्हा तिरपीचेही आधी उपयोगच सांगतो. दादाला चपला घालून आत आल्याबद्दल तिरपी पडली. आईने सुनेची तिरपी न बघितल्यासारखं केलं, पण मीठ कमी केलं. शेजारच्या काकांनी आमच्या दारात विडीचं थोटूक टाकलं आणि वहिनी खिडकीत असल्यामुळे ते वाकून उचलून खिशात घातलं, पेटतं. खिसा जळाला. हा तिरपीचा उपयोग सगळ्या गल्लीने पाहिला.

मग वहिनी म्हणाली, मला काम करायचंय. आईने कपाळाला हात लावला. दादा म्हणाला, "करू दे. घरात राहिली तर आपण सगळे फारच सुधारू." मी तिला कारखान्यात नेलं.

मागांच्या खात्यात तुम्ही कधी उभे राहिला नसाल. दार उघडलं की आवाज अंगावर कोसळतो. आडवा धागा नेणारे धोटे शेकड्यांनी इकडून तिकडे, तिकडून इकडे आपटत असतात. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त तोंड उघडलेलं दिसतं. तिथे सगळे हातवारे करून आणि ओठ वाचून बोलतात. आमच्यातला एक जण मात्र ओरडायचं सोडायचा नाही. त्याचं नाव भोंगा. छाती भरून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा, आणि त्याला वाटायचं, लोक ऐकतायत. लोक त्याची पडजीभ बघायचे.

अशा ठिकाणी वहिनी आली आणि मासा पाण्यात सोडावा तसं झालं. मागाचं काम थोडक्यात सांगतो. उभ्या ताण्यातला एखादा धागा तुटतो. तुटला की विणणाऱ्याने माग थांबवायचा, गाठ मारायची, परत सुरू करायचा. कंटाळा केला तर माग चालूच राहतो आणि कापडात त्या जागी उभी रेघ पडते, चांगली हातभर. वहिनी स्वतःचे माग सांभाळून आजूबाजूचेही बघायची. धागा तुटलेला दिसला की तिथून जाताना तिरपी. आधी तुटलेल्या धाग्याकडे, मग माणसाकडे. हा क्रम महत्त्वाचा. माणसाकडे आधी पाहिलं तर ते डोळे वटारणं झालं, नुसतं माणसाकडेच पाहिलं तर ते नाक मुरडणं झालं. हे दोन्ही करणारे आमच्याकडे ढिगाने होते, आणि त्यांच्याकडे बघून कधी कुणाचा माग थांबला नाही. वहिनीची नजर चुकीवरून निघून माणसावर यायची, म्हणून माणूस परत चुकीकडे बघायचा.

आणि गाठ मारून झाली की सरळ. ही उधारी कधी राहिली नाही. लांबच्या टोकाला असली तरी वहिनी वळून यायची, सगळ्यांच्या देखत सरळ द्यायची आणि जायची. दणकट बाप्ये, मिशावाले, सरळ मिळाली की शाळेत शाबासकी मिळाल्यासारखे फुलायचे. पाहिलंय मी.

मी तिला वहिनी म्हणायचो म्हणून खातं तिला वहिनी म्हणायला लागलं, मग दारावरचा पहारेकरी, मग मालकसुद्धा. दादा वैतागायचा. "अरे, रस्त्याने जाताना कुणीही मिशावाला मला दादा म्हणतो. ओळख ना पाळख, मी अख्ख्या कारखान्याचा थोरला भाऊ झालो!"

अशी वर्षं गेली. जुना मुकादम निवृत्त झाला. त्याच्या जागी दोन नावं, एक भोंगा आणि एक वहिनी. साहेब तेव्हा नवीनच आले होते, माणूस सरळ, पण घाईचा. चहासुद्धा चालता चालता प्यायचे. तर ते एका दुपारी कप घेऊनच खात्यात आले, वहिनीला खूण करून दाराबाहेर नेलं आणि सांगितलं, "वहिनी, मुकादमीसाठी मी तुमचं नाव वर कळवतोय."

वहिनी परत आत आली ती मला अजून डोळ्यांपुढे दिसते. पाय जमिनीला टेकत नव्हते. माझ्याजवळ येऊन ओठांनी बोलली, "भाऊजी, मुकादम!" मी हातातला पाना खाली पाडला. आम्ही दोघं त्या गोंगाटात खुळ्यासारखे हसत होतो.

आणि त्या आठवड्याच्या शेवटी तक्रार आली. कुणाची, तर नवीची. नवी म्हणजे नुकतीच कामाला लागलेली एक पोरगी, कामाला हळू, बोलायला त्याहून हळू, म्हणजे बोलायचीच नाही. तिने ऑफिसात जाऊन सांगितलं, वहिनी माझ्याकडे वाईट नजरेने बघतात, मला इथे राहायचं नाही.

खात्यात कुजबूज सुरू झाली, म्हणजे आमच्याकडे होते तशी, ओठांची. लोक म्हणाले, यामागे भोंगा असणार. भोंगा रडकुंडीला आला, शपथा घ्यायला लागला. दादा त्या दिवशी घरी गप्प होता. तो गप्प असला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. वहिनी एवढंच म्हणाली, "मी तिला वाईट नजरेने पाहिलंय का? आठवत नाही मला. पण ती उगीच बोलणारी पोर नाही." आणि दोन घास कमी जेवली.

दुसऱ्या दिवशी चौकशी. ऑफिसात साहेब, वहिनी, नवी, भोंगा आणि साक्षीला मी.

साहेब म्हणाले, "नक्की काय झालं? वहिनींनी शिवी दिली?"

नवी म्हणाली, "नाही."

"ओरडल्या?"

"साहेब, तिथे ओरडून काय ऐकू येणार?" भोंगा मध्येच म्हणाला. हे वाक्य भोंग्याने म्हणावं! मी हसू दाबायला खोकलो.

"मग केलं काय यांनी?"

"तिरपी दिली," नवी म्हणाली.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. "तिरपी म्हणजे?"

मास्तर असते तर खूश झाले असते. शब्द आला, आता अर्थ. मी म्हणालो, "साहेब, तिरपी म्हणजे तुमचं काहीतरी चुकलंय असं सांगणारी नजर."

भोंगा म्हणाला, "छे! चुकलंय ते तुम्हाला माहीत असतंच. तिरपी म्हणजे, मलाही माहीत आहे असं सांगणारी नजर."

"म्हणजे रागाने बघणं," साहेब म्हणाले.

"राग कुठला?" मी म्हणालो. "राग आला की वहिनी कुणाकडे बघतच नाही. माझ्या भावाला विचारा."

"मग तिरस्कार?"

"तिरस्कार असता तर मी धागा जोडला असता का?" भोंगा पुढे सरसावला. "साहेब, मी खरं सांगतो. मी मुकादम होण्यासाठी घसा फोडून ओरडत आलो. यांची तिरपी मला किती वेळा पडली असेल! दर वेळी मी आधी गाठ मारली आणि मग मनात म्हटलं, आयला, आपण तर ऐकलं हिचं!"

साहेब गोंधळले. कप हातात होताच. म्हणाले, "हे असं तोंडी काही समजायचं नाही. वहिनी, तुम्ही ती तिरपी एकदा करून दाखवा बघू."

वहिनी म्हणाली, "कशी दाखवू साहेब? कुणाचं काही चुकलेलं नाही. चूक नसताना दिली तर ती खोटी होईल."

"अहो, नमुना म्हणून!"

"नमुन्यालाही खोटी नको."

साहेबांना जरा राग आला. "वहिनी, मी तुमच्याच भल्यासाठी विचारतोय. मुकादमी तुमच्या हातात येता येता राहील, कळतंय ना? जे मला दिसलंच नाही त्याच्यावर मी निकाल काय..." आणि असं म्हणत कप ठेवला ताग्यावर.

तर हा तो कप. आला एकदाचा जागेवर.

पुढचं मी मघाशी सांगितलंच. आधी ताग्याकडे, मग साहेबांकडे, पापणी लवेल इतकीच. साहेबांनी कप उचलला, आणि मग तो ठेवायला जागा सापडेना. टेबलावर ठेवायला गेले, तिथे कागद. खिडकीत ठेवायला गेले, तिथे रोपटं. शेवटी हातातच धरून उभे राहिले. मग ते नवीला हळू आवाजात म्हणाले, "ही का ती?"

"हो," नवी म्हणाली.

"याच्यात मला तरी अपमान वाटला नाही, पोरी. जरा कसंतरी झालं, पण अपमान नाही."

"मलाही नाही वाटला," नवी म्हणाली. "तिरपीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझा धागा तुटला होता, मी बघत नव्हते. चुकलं होतं माझं."

"मग तक्रार कशाबद्दल?"

नवी म्हणाली, "मी गाठ मारली. चांगली मारली. आणि वर बघत उभी राहिले. सगळ्यांनी सांगितलं होतं, तिरपी मिळाली की घाबरू नको, गाठ मार आणि वर बघ, सरळ मिळतेच. मला मिळालीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी रोज वर बघायचे. या समोरून निघून जायच्या. मला वाटलं, सगळ्यांना देतात, मलाच नाही. म्हणजे मी यांच्या मनातून कायमची उतरले. जिथे आपलं चुकलेलं मिटतच नाही तिथे राहायचं कशाला?"

मी वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी कोरा होता. मग तिने डोळे मिटले. काय झालं ते तिला आठवलं होतं, आणि खरं सांगतो, ते मलाही त्याच क्षणी कळलं.

वहिनी उठून उभी राहिली. तिला गप्प बसता आलं असतं. "विसरले असेन" म्हणून सुटता आलं असतं, साहेबांचं मन वळलंच होतं. ती म्हणाली, "साहेब, ही खरं बोलतेय. त्या दिवशी मी हिला तिरपी दिली, हिने माग थांबवला आणि तेवढ्यात तुम्ही मला बाहेर बोलावलंत. मुकादमीचं सांगितलंत. मी परत आले ती हवेत. भाऊजींना सांगितलं, हसले, घरी गेले, नवऱ्याला सांगितलं. ही पोर तिथे वर बघत उभी होती आणि मला ती दिसलीच नाही. एवढी वर्षं कुणाची सरळ बाकी ठेवली नाही मी. मुकादमीचं नुसतं नाव निघालं आणि ठेवली. आता असल्या बाईला मुकादम करायचं का, ते तुम्ही ठरवा. मला त्यात बोलायचं नाही."

असं म्हणून ती वळली. साहेबांकडे पाठ करून, ते काय ठरवतायत त्याची वाट न बघता, नवीसमोर जाऊन उभी राहिली. हनुवटी वर. दोन्ही डोळे त्या पोरीच्या डोळ्यांत. बारीक मान हलवली. आणि मग, हे तिने कधीच केलं नव्हतं, तोंडाने म्हणाली, "तुझ्या मागाचं कापड मी नंतर पाहिलं होतं. गाठ मला शोधूनही सापडली नाही, इतकी बारीक मारलीयस."

नवी रडायला लागली, भोंगाही. भोंग्याचं रडणं बाहेर खात्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात, आणि त्याचा आवाज मागांच्या वर गेल्याची तेवढी एकच नोंद आहे.

साहेबांनी नवीला विचारलं, "आता तक्रारीचं काय करायचं?"

पोरगी नाक पुसत म्हणाली, "मुकादम हे भोंगाकाका होणार असतील तर राहू द्या. वहिनी होणार असतील तर मागे घेते."

"अगं ए!" भोंगा म्हणाला, आणि मग स्वतःच हसला. "लिहा साहेब, माझंही तेच म्हणणं लिहा."

मी तिथे उभा होतो, तेलाने माखलेला, आणि माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण जातंय की काय. अहो, मुकादमी मिळणार याचा अभिमान तर होताच, तो कुणालाही होईल. पण मुकादमी हातातून निसटत असताना आधी त्या पोरीची बाकी चुकती करायला वळली ती माझी वहिनी! आज आमच्या घरात पणतवंडंसुद्धा तिरपी म्हणतात. शाळेतल्या बाईंनी दिली, बसमधल्या कंडक्टरने दिली, असं येऊन सांगतात. मी त्यांना एकच विचारतो, "आणि सरळ? सरळ दिली का? नाही? मग ती तिरपी नव्हे बाळा, ते नुसतं डोळे वटारणं." अर्थ मला एवढाच जमलाय, मास्तर असते तर अर्धे गुण दिले असते.

पण साहेब अजून उभेच आहेत, त्यांचं संपवतो. आम्ही सगळे दाराशी पोचलो होतो. मागून साहेबांचा आवाज आला, जरा अडखळत, "मुकादम वहिनी!"

पहिल्यांदा कुणी तिला मुकादम म्हटलं ते असं. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. वहिनी वळली.

साहेब कप छातीशी धरून म्हणाले, "मी कप उचलला त्यालाही आता बराच वेळ झाला. मी मघापासून वर बघतोय. माझी सरळ?"

वहिनीने एकदा ताग्याकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफेक कापडावर चहाचं गोल कडं उमटलं होतं. मग ती साहेबांना म्हणाली:

"कप उचललात साहेब, पण खालचा डाग कुणी काढायचा? तो निघू दे, मग बघते तुमच्याकडे."